तीन आठवडे, सतरा ठिकाणं आणि घरी थांबलेली आई

न्यू जर्सीहून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. माझ्या लेकीच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगंच करते. गेल्या डिसेंबरात नवरा आणि दोन मुलांना घेऊन ती कोथरूडला माहेरी आली होती, आणि यंदाचीही तिकिटं काढून झाली आहेत. पत्रात चार शंका आहेत, पण मला बोलायचंय ते पहिलीवर.

ती लिहिते, "काकू, मुलांना खरं पुणं दाखवायचं असं ठरवूनच आलो होतो. आईला दोनदा बरोबर नेलं. मग ती म्हणायला लागली, तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी. निघायच्या आदल्या रात्री म्हणाली, 'आलात कधी आणि चाललात कधी, कळलंच नाही.' मला फार लागलं. आम्ही सगळं त्यांच्यासाठीच तर करत होतो ना?"

लागणारच गं. पण तू सोबत जी यादी जोडली आहेस ती मी बसून मोजली. सिंहगड, पानशेत, लोणावळा, महाबळेश्वर, दोन मॉल, मिसळीची तीन ठिकाणं, मस्तानी... एकवीस दिवसांत सतरा ठिकाणं! त्यात आईबाबांचा रोजचा दिवस कुठे आहे, ते मला दाखव.

सिंहगडाचंच घे. शनिवारी सकाळी दहाला निघालात. पुण्यातलं कुणीही सांगेल की त्या वेळेला खडकवासल्यापासूनच गाड्यांची रांग लागते. वर पोचल्यावर गाडीतळापासून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेतच. "आईला गाडीतच बसायला बरं वाटलं," असं तू लिहिलंयस. तिला बरं वाटलं नाही गं. तिचे गुडघे दुखत होते आणि तुमचा विरस करायचा नव्हता. तुम्ही झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन खाली येईपर्यंत ती बाई दोन तास बंद गाडीत बसून होती.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण हीच चूक मी केली आहे. आम्ही डेट्रॉइटजवळ राहायचो. १९९७ साली वीस दिवसांसाठी आलो आणि माझ्या आईला भाड्याच्या गाडीतून महाबळेश्वरला नेलं. प्रत्येक पॉइंटला आम्ही उतरायचो आणि ती आतून हात हलवायची. त्या सहलीचे फोटो माझ्याकडे आहेत. एकातही आई नाही. पुढच्या खेपेला आलो तेव्हा ती अंथरुणावर होती.

माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. आता स्वतः बाप झालाय. महाबळेश्वर त्याला अजिबात आठवत नाही. त्याला आठवते ती आजीबरोबरची मंडई, आणि तीही केवळ एका सकाळी माझं डोकं दुखत होतं म्हणून घडली. आजीने त्याच्या हातात कापडी पिशवी दिली आणि सांगितलं, भाव तू विचारायचा. हा म्हणाला, "मावशी, मटार कसा दिले?" भाजीवाली हसली. आजीने तिथेच सुधारलं, "कसे दिले." त्याने पुन्हा विचारलं. मग आजीने एक शेंग फोडून दाणा त्याच्या तोंडात घातला आणि गोड आहे का ते त्यालाच ठरवायला लावलं. भाजीवालीने पिशवीत वर मूठभर कोथिंबीर टाकली. घरी आल्यावर दोघांनी ओट्याशी वर्तमानपत्र पसरून ते मटार सोलले. आज तो शिकागोत आपल्या मुलीला मटार सोलायला बसवतो आणि पहिली शेंग फोडून दाणा तिच्या तोंडात घालतो.

म्हणून यंदा असं कर. न्यू जर्सी आणि पुण्याच्या घड्याळात डिसेंबरात साडेदहा तासांचं अंतर असतं. शरीर दिवसाला साधारण एक तास या बेताने रुळतं, म्हणजे पहिला आठवडा तर तसाच जाणार. मुलं संध्याकाळी सहाला पेंगतात आणि पहाटे चारला टक्क जागी होतात. तुम्ही काय करता? पहाटे त्यांच्या हातात आयपॅड देता आणि रात्री साडेनऊला त्याच झोपाळलेल्या पोरांना हॉटेलच्या दाराशी नंबर लावून उभं करता. आणि त्याच घरात एक माणूस पहाटे पाचला उठून, तुमची झोप मोडू नये म्हणून अंधारातच चहा करत असतो. त्याच्याबरोबर पाठव मुलांना! स्वेटर, कानटोपी घाल आणि वेताळ टेकडीवर जाऊ दे. नशीब असेल तर मोर दिसेल. बाबांचं रोजचं टोळकं तिथे भेटेल आणि बाबा म्हणतील, "ही आमची नातवंडं, अमेरिकेहून आलीत." हे वाक्य म्हणायला ते वर्षभर थांबलेले असतात. येताना दूध, वर्तमानपत्र आणि अमृततुल्यवर चहा. मुलांना बशीतून पिऊ दे.

आईबरोबर मंडई. गाडी काढूच नका. २९ सप्टेंबर २०२४ला मेट्रोचा स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि थेट मंडईत उतरायचं. लिफ्ट आहे, तिच्या गुडघ्यांना त्रास नाही. डिसेंबरात मटार, पावटा, गाजरं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, सगळं येतं. ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ची. बाबा आले तर त्यांना सांगायला सांग, की ज्या महात्मा फुल्यांचं नाव मंडईला आहे, त्यांनी नगरपालिकेत असताना याच बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत. भाव मात्र मुलांनीच विचारायचा, मराठीत. चुकले तरी तू मध्ये पडू नकोस.

आईला बाहेर खायला न्यायचं तर तिच्या वेळेला. ती साडेसातला जेवते, हे तुला मी सांगायला हवं का? त्यापेक्षा सकाळी डेक्कनला गुडलकमध्ये बन-मस्का आणि चहा घ्या, नाहीतर आईला विचार, लग्नानंतर बाबांनी पहिल्यांदा कुठे नेलं होतं. ते ठिकाण अजून असेल तर तिथेच जा. असं एक ठिकाण आठवड्याला पुरे. सिंहगडही सोडू नका, पण मधल्या वारी, सहाला निघून. मुलं जागी असतातच.

आता बाकीचं भराभर. मुलांच्या पोटाची काळजी: निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए-च्या लशीबद्दल विचार, इथे गरम आणि समोर केलेलं द्या, कापून ठेवलेली फळं आणि बाहेरचा बर्फ नको. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट देत राहायचं. मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली, की डॉक्टरांकडे.

बिल कोणी द्यायचं यावरून भाऊ दुखावला म्हणतेस. त्याच्या घरी जेवायला जा, नुसतं वरण-भात का होईना. वर्षभर आईबाबांचं तोच बघतो.

महाबळेश्वरला कुठलं हॉटेल घ्यावं, हे विचारलंयस. यंदा जाऊ नका.

आणि सिडनीहून ज्यांनी हुरड्याचं विचारलंय त्यांना: जानेवारीत येताय ना, मग मिळेल. पण आईवडिलांना खाली बसवू नका, खुर्ची मागून घ्या, आणि ऊन चढायच्या आत घरी आणा.