मुलाच्या मेलवरून तुम्ही कळवलेला होकार आधी मागे घ्या

पालकांचं पत्र : उद्यमबागेत माझं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. मुलगा बेळगावातच कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. बेंगळुरूच्या एका कंपनीनं त्याला वर्षाला साडेअकरा लाखांची ऑफर दिली आहे. टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणेत बसणारं सॉफ्टवेअर ते करतात. कोण कुणाशी बोलतो, काय बघतो हे त्यातून सरकारला कळतं. गिऱ्हाईक म्हणजे आखातातली आणि आफ्रिकेतली काही सरकारं. मुलगा म्हणतो, तिथं पत्रकारांना आणि विरोधकांना उचलतात, मी हे काम करणार नाही. हुबळीच्या एका हॉस्पिटल सॉफ्टवेअरवाल्यांची पावणेपाच लाखांची ऑफर त्याला बरी वाटते. परवा जेवताना म्हणाला, आजोबांना ८६ साली उचललं तेव्हा पोलिसांकडे असली मशीन असती तर? विषय कुठला कुठं नेतो! मी व्हॉल्व्हचे पार्ट करतो, ते कुठं बसतात हे मी कधी विचारत बसलो नाही. सायबर सिक्युरिटीला स्कोप आहे, कंपनी कायदेशीर आहे, पुढं अमेरिकेलाही जाता येईल. मुलीचं लग्न ठरलंय, पाहुण्यांना पॅकेज सांगून झालंय, शिक्षणाचं कर्ज आहेच. शेवटी त्याच्या लॅपटॉपवरून मीच होकाराचा मेल टाकला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तुम्ही त्याला समजवा.
एक पालक, बेळगाव

उत्तर :

नमस्कार.

मुलाला समजवा असं तुम्ही लिहिलंय. पण पत्र वाचून मला जे बोलायचंय ते तुमच्याशीच आहे.

पॅकेज, कंपनी, स्कोप या सगळ्याच्या आधी तो मेल. बावीस वर्षांच्या मुलाचा लॅपटॉप उघडून, त्याच्या नावानं, तो नको म्हणत असलेल्या नोकरीला तुम्ही होकार पाठवलात. पत्रात ही गोष्ट तुम्ही एका ओळीत संपवली आहे आणि लगेच पुढं लिहिलंय की तो बोलत नाही. अहो, तो बोलेल कसा? तो मुळात सांगत काय होता, तर माणसाचा खासगी निरोप त्याला न विचारता कुणी उघडू नये. ते काम नको म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरात तेच घडलं. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याचं भलं व्हावं हेच होतं, हे मला कळतं. लोकांचे फोन चोरून ऐकणारी सरकारंसुद्धा हेच सांगतात, की तुमच्या भल्यासाठी करतोय.

त्यानं स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या शब्दांत कंपनीला कळवावं की आधीचा होकार त्यानं दिलेला नव्हता आणि तो रद्द समजावा. कारण लिहायची गरज नाही. बॉन्डवर सही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर फार गुंतागुंत नाही. मेल लिहिताना तुम्ही मागे उभे राहू नका.

आता तुमच्या काळजीकडे येतो, कारण ती खोटी नाही. लग्नाचा खर्च आहे, कर्ज आहे, वर्कशॉपचं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं. पण जरा हिशेब बघा. या पगारातला एक रुपयाही अजून कुणाच्या खात्यात आलेला नाही आणि तुम्ही तो पाहुण्यांत, लग्नात आणि बँकेत वाटून मोकळे झालात. आता मुलगा नाही म्हणतोय म्हटल्यावर तुम्हाला पैशापेक्षा जास्त बोचतंय ते पाहुण्यांना काय सांगायचं हे. खानापूरपासून निपाणीपर्यंतची पत्रं माझ्याकडे येतात आणि त्यातल्या कितीतरी पत्रांत खरा पेच हाच असतो. पोराच्या निर्णयाआधी आकडा गावभर झालेला असतो. मुलीच्या सासरच्यांनी भावाचं पॅकेज बघून सोयरीक केली असेल, तर ती काळजी वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मुलीशी बोला. मुलाच्या डोक्यावर ती ठेवू नका. आणि कर्जाचं मंजुरीपत्र काढून वाचा. शैक्षणिक कर्जात कोर्स संपल्यावर हप्ता सुरू व्हायला बहुधा काही महिने ते वर्षभराची सवलत असते. पावणेपाच लाखांत हप्ता बसतो की नाही हे कागदावर मांडून दोघांनी एकत्र बघा.

‘पार्ट कुठं बसतो हे मी विचारत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटलं नाही, कारण तुम्ही विचारता. ड्रॉइंग हातात आलं की मटेरियल ग्रेड कुठला, किती बारचं प्रेशर येणार, टॉलरन्स किती, हे विचारल्याशिवाय उद्यमबागेत कुणी जॉब लेथवर चढवत नाही. तो पार्ट फुटला तर समोर माणूस उभा असतो, म्हणून विचारता. तुमचा मुलगाही तेच विचारतोय, की हे सॉफ्टवेअर कुठं बसणार आणि त्याच्यासमोर कोण उभं असणार. मी त्याला चांगल्या इंजिनिअरची सवय म्हणेन. ती त्यानं तुमच्याकडूनच उचलली असणार.

एक गैरसमज मात्र नीट दूर करायला हवा, कारण तो आता घराघरात आहे. ही नोकरी सायबर सिक्युरिटीची नाही. सायबर सिक्युरिटीवाला माणूस बँकेच्या, हॉस्पिटलच्या, वीज मंडळाच्या यंत्रणेतली फट शोधतो आणि ती बुजवायला लावतो. तुम्ही वर्णन केलेलं यंत्र उलट्या दिशेनं चालतं. टेलिफोन कंपनीच्या जाळ्यातून माहितीची जी पाकिटं वाहतात, त्यांच्यावर ते बसतं, प्रत्येक पाकीट कुठून आलं नि कुठं चाललं हे बघतं, जमेल तिथं आतला मजकूर वाचतं आणि नावानिशी नोंद ठेवतं. याला डीप पॅकेट इन्स्पेक्शन म्हणतात. हे तंत्र मुळात वाईट नाही. जाळ्यावरचा ताण बघायला, व्हायरस अडवायला तेच वापरतात. प्रश्न येतो तो कुणावर नजर ठेवायची त्या नावांची यादी कोण देतो आणि ती देणाऱ्याला अडवणारं दुसरं कुणी आहे का, इथं. आपल्याकडे फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो, त्याची फेरतपासणी करणारी समिती असते. हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल ज्यांच्या अर्जावर लागला, ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. आपल्याकडेही हे नियम पाळले जात नाहीत अशा तक्रारी होतात. पण तक्रार न्यायला कोर्ट आहे. जिथं ते कोर्टही सत्ताधाऱ्याच्या खिशात असतं, तिथं हेच यंत्र माणसं वेचायच्या कामाला लागतं.

म्हणूनच आजोबांचा विषय ‘कुठला कुठं’ गेलेला नाही. ८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्या भागात काय झालं हे तुमच्या घराला मी सांगायची गरज नाही; हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आजही लोक जमतात. आजोबांना उचललं, पण त्यांना वकील मिळाला असेल, जामीन मिळाला असेल, वर्तमानपत्रात बातमी आली असेल. ज्या देशांना ही कंपनी माल विकते तिथं यातलं काहीच नसेल, तर उचललेल्या माणसाच्या घरच्यांनी जायचं कुणाकडे? नातवानं हाच प्रश्न केलाय. त्याला गप्प करू नका.

‘कंपनी कायदेशीर आहे’ याबद्दल. लिबियात गद्दाफीची राजवट असताना फ्रान्सच्या अमेसिस कंपनीनं तिथल्या सरकारला अगदी असंच, इंटरनेटवर नजर ठेवणारं यंत्र विकलं. रीतसर करार करून विकलं. २०११ मध्ये राजवट कोसळली, पत्रकार त्रिपोलीतल्या पाळत केंद्रात शिरले, तर तिथं कंपनीच्या नावाची माहितीपुस्तिका होती आणि लोकांचे मेल छापून ठेवलेल्या फायली होत्या. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, फ्रान्समध्ये त्या कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांवर छळाला साथ दिल्याचा आरोप ठेवला गेला. चीनमध्ये याहू या इंटरनेट कंपनीनं शी ताओ या पत्रकाराच्या मेल खात्याची माहिती पोलिसांना दिली, तीही ‘स्थानिक कायद्याप्रमाणे’. त्याचा गुन्हा काय, तर वर्तमानपत्रांना आलेला सरकारी हुकूम त्यानं परदेशी मेल केला. २००५ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं याहूच्या प्रमुखाला शी ताओच्या आईची माफी मागावी लागली. ती माहिती शोधून काढायलाही कुणीतरी नोकरदार माणूसच बसला असणार. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही; त्यानंही बहुधा हाच विचार केला असेल, की माझं काम फक्त माहिती काढून देणं.

नोकरदारानं प्रश्न विचारल्याचंही उदाहरण आहे आणि ते मुलाला जरूर सांगा. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड या कॅमेरा कंपनीत कॅरोलाइन हंटर ही तरुण केमिस्ट होती. केन विल्यम्स या सहकाऱ्याबरोबर जाताना तिला कंपनीतच एका ओळखपत्राचा नमुना दिसला, त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव. तिथल्या काळ्या माणसांना सक्तीनं जवळ बाळगावं लागणाऱ्या पासांसाठी आपल्या कंपनीचे झटपट फोटो वापरले जातात, हे दोघांच्या लक्षात आलं. त्यांनी आवाज उठवला. तिला नोकरीवरून काढलं. पुढं १९७७ मध्ये, वितरक गुपचूप सरकारला माल विकतोय हे उघड झाल्यावर, पोलरॉइड त्या देशातून बाहेर पडली. हंटर बाई नंतर शिक्षिका झाल्या. आणि दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणाऱ्या देशांत आपला भारत पहिला होता, तेही १९४६ साली, जेव्हा आपल्याकडे खायला धान्य पुरत नव्हतं.

अमेरिकेचं म्हणाल तर या नोकरीतून वाट सोपी होते असं समजू नका. २०२१ मध्ये अमेरिकेनं पेगासस हे फोनमध्ये शिरणारं पाळतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एनएसओ ग्रुपला व्यापाराच्या काळ्या यादीत टाकलं. २०२४ मध्ये पाळतीची सॉफ्टवेअर बनवण्या-विकण्यात गुंतलेल्या व्यक्ती आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय अशा १३ जणांवर व्हिसाचे निर्बंध घातले. नवख्या इंजिनिअरवर उद्याच तसं होईल असं मी म्हणत नाही, आणि या कंपनीचा माल नेमका त्याच जातीचा आहे असंही नाही. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते बघा. शिवाय रोजच्या व्यवहाराची गोष्ट : अशा कंपन्या गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. तीन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला गेल्यावर ‘काय केलं’ या प्रश्नाला त्याला तोंड बंद ठेवावं लागेल. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम तो उघडपणे दाखवू शकेल आणि पगार वाढतो तो दाखवता येणाऱ्या कामावर. साडेअकरा आणि पावणेपाच यांतला फरक पहिल्या वर्षाचा आहे, जन्माचा नाही.

खरंच सुरक्षेच्या क्षेत्रात त्याला जायचं असेल तर बँकांच्या, रुग्णालयांच्या यंत्रणा राखणाऱ्या कामाला भरपूर मागणी आहे. पुढं शिकायचं असेल तर गेट आणि कर्नाटकची पीजीसीईटी या प्रवेश परीक्षा त्याला माहीत असतीलच.

तुम्हाला अजूनही वाटत असेल की मुलगा ऐकीव गोष्टींवर बोलतोय, तर त्याला एकच करू द्या. होकार रद्द करताना त्याच मेलमध्ये त्यानं कंपनीला विचारावं : तुमचे ग्राहक कोण, गैरवापर झाला तर करार तोडायची अट आहे का, आणि आजवर कधी तोडलाय का. नीट उत्तर आलं तर घरात पुन्हा बोला, तेव्हाही निर्णय त्याचाच. ‘तो तुमचा विषय नाही’ असं उत्तर आलं तर माझं मत स्पष्ट आहे, त्यानं तिथं जाऊ नये.

हुबळीच्या ऑफरला उत्तर द्यायची मुदत तुम्ही लिहिलेली नाही. ती त्याला आजच विचारा, तुम्ही स्वतः विचारा, आईकरवी नको. आणि रुजू होताना कुठल्याही कंपनीला मूळ मार्क्स कार्ड ठेवून घ्यायला देऊ नका; दाखवायचं, झेरॉक्स द्यायची आणि परत आणायचं.