मिठाची कणीक नको, शाडू द्या

व्हिडिओ बघून दोन्ही मुलांबरोबर केलेल्या मीठ-मैद्याच्या पणत्या मे महिन्यात खडखडीत वाळल्या आणि पाऊस लागताच चिकट होऊन त्यांना पाणी सुटलं, असं तुम्ही गुहागरहून लिहिलंय, आणि भट्टीशिवाय दुसरं काय करता येईल असं विचारलंय. यात तुमचा काही दोष नाही. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं. गुहागरला पावसाळ्यात तेवढी दमट हवा रोजचीच. ते व्हिडिओ बहुतेक कोरड्या हवेच्या गावचे असतात. वॉर्निश मारलंत तरी थोडे दिवस पुढे ढकलाल, एवढंच.

आपल्याकडे शाडू असताना विकतची एअर-ड्राय क्ले कशाला, हे माझं जुनं मत. शाडूही भट्टीशिवायच वाळतो. आता गावोगावी गणपतीचे कारखाने सुरू होतील. तिथे मागितलंत तर मुलांसाठी मळलेला गोळा सहज मिळेल. पावडर आणलीत तर रात्रभर भिजवा, सकाळी हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा आणि मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. मूर्तिकारही घालतात, त्याने तडे कमी जातात. उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. एक मात्र बघून घ्या, पांढरी पावडर म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणू नका. ते घट्ट होताना तापतं आणि जाड थरात हात राहिला तर भाजतो.

मातीचे हात नकोच असतील तर दोन वाट्या बेकिंग सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. मोदकाच्या उकडीसारखा गोळा जमला की उतरवा, ओल्या फडक्याखाली निववा आणि मळा. पांढराशुभ्र वाळतो, रंगही छान बसतात. धाकट्याला तोंडात घालू देऊ नका. सोडा पोटात जास्त जाणं बरं नाही.

काय करायचं? साडेतीन वर्षांच्या मुलाला वस्तू घडवायला सांगू नका, दाबायला द्या. दोन पेन्सिलींच्या मध्ये गोळा ठेवून लाटणं फिरवलं की पोळी सारख्या जाडीची होते. तिच्यावर नेच्याचं पान, शिंपला, जाळ्याचा तुकडा, काहीही दाबा. वरच्या बाजूला काडीने भोक पाडलं की टांगायला तोरण. फणसाचं पान पालथं दाबा, शिरा खालच्या बाजूला उठून असतात. सहा वर्षांच्या मुलीला मासे जमतील: पोळीतून पापलेट कापायचं, चमच्याच्या टोकाने खवले उठवायचे. कासव त्याहून सोपं, करवंटीच्या पाठीवर पोळी पसरली की पाठ तयार, पाय नंतर जोडायचे. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची गोष्टही होते त्या निमित्ताने. जोड मात्र नीट द्यायला शिकवा: दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे, मग पाण्यात कालवलेला शाडू लावून दाबायचं. नुसतं पाणी लावलं की वाळताना पाय गळतात, आणि मग रडारड.

वाळवणं हेच खरं काम. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवाल तर वरचं आधी सुकून आकसतं, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. सावलीत, वर्तमानपत्रावर ठेवा आणि रोज पालथं करा. करवंटीवरचं कासव जरा घट्ट होताच सोडवून घ्या, नाहीतर आकसताना पाठ फुटते. पावसात पंख्याखालीही आठवडा लागू शकतो. पेन्सिलीच्या जाडीहून जाड काही करूच नका; उभं काही हवंच असेल तर आत कागदाचा बोळा घाला. गालाला लावून गार लागलं तर अजून ओलं आहे. ओल्यावर रंग दिलात तर खाली बुरशी धरेल. तडा दिसलाच तर पाणी न लावता शाडूच्याच कालवणाने भरा.

पोस्टर कलर पुरतात, शाडूवर गेरूही छान दिसतो. शाडूच्या पणत्या केल्यात तर त्यांत तेल-वात मात्र लावू नका. न भाजलेली माती तेल पिते आणि खाली ओघळ येतो. सेलवरचा दिवा ठेवा.