गाडी कधी तापते, ते आधी सांगा

प्रश्न: माझ्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे, एसी नाही. केजहून माजलगावला मुलीकडे जाणं-येणं असतं. जाताना काही त्रास नाही. येताना मात्र तेलगाव सोडून धारूरचा घाट चढायला लागलो, की तापमानाचा काटा वर सरकतो आणि माथ्यावर येईपर्यंत लाल पट्टीला टेकतो. सपाट रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात काटा मध्यावर असतो. दारात उभी करून इंजिन चालू ठेवलं तर पंखा लागतो आणि काटा खाली येतो. आठवड्याला पेलाभर पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. पाणी बोअरचं भरतो. एका फिटरने थर्मोस्टॅट काढून टाकला, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो रेडिएटर बदला, तिसरा म्हणतो हेड गॅस्केट गेलं. कोणाचं ऐकू?
— निवृत्त शिक्षक, केज

उत्तर: गुरुजी, अजून कोणाचंच ऐकू नका. तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. गाडी तापते एवढं सांगून भागत नाही, कधी तापते ते सांगावं लागतं, आणि ते तुम्ही नीट पाहून लिहिलंय.

उभ्या गाडीत किंवा बाजारातल्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, तेव्हा दोष बहुतेक पंख्याचा असतो. तुमचा पंखा वेळेवर लागतो आणि काटा खाली आणतो, म्हणजे तो बाजूला ठेवू. तुमची गाडी जोर लागला की तापते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन भरपूर उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा फिरतंय पण रेडिएटरमधून उष्णता सुटत नाही. शोध इथेच घ्यायचा.

आधी थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडे ‘उन्हाळ्याचा देश, थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो सर्रास काढून फेकतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप. त्याच्या आत मेण असतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं आणि वाट उघडते. तो नसला तर इंजिनाला ऊब यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. तुमच्या बाबतीत तर तो काढूनही फरक पडला नाही, म्हणजे तो निर्दोष होता. नवा घ्याल तो बसवण्याआधी चुलीवर पातेल्यात पाण्यात सोडून बघा. पाणी उकळायच्या आत तो उघडलेला दिसला पाहिजे.

मग झाकण. रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ते स्वस्त असतं. जुन्या छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा बार जास्त दाब झाकण आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ०.९ च्या झाकणाखाली ते साधारण ११८ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं, भेगाळलं, की दाब टिकत नाही आणि घाटात पाणी आधीच उकळतं. झाकणाचं दुसरं कामही आहे. तापलेलं पाणी फुगून रेडिएटरला नळीने जोडलेल्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की तिथून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. घाट चढून आलात की बाटलीवर खूण करा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना पुन्हा बघा. बाटलीतलं पाणी तेवढंच राहिलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी मात्र रिकामं दिसलं, तर झाकण बदला. थेंब न दिसता पेलाभर पाणी जातं त्याचं पहिलं कारण मी इथेच शोधेन.

आता बोअर. काळ्या पाषाणातलं आपलं पाणी जड असतं, हे तुमच्या घरच्या पाणी तापवायच्या भांड्याचा तळ बघून कळेल. तेच रेडिएटरमध्ये होतं. लातूरला आमच्या गॅरेजमध्ये बोअरच्या पाण्यावर चाललेला जुना पितळी रेडिएटर वरची टाकी सोडवून उघडतो, तेव्हा नळ्यांची तोंडं दिसतात ती मळकट पांढऱ्या थराने आवळलेली. जिथे सळई सहज जायला हवी तिथे सुई अडते. थर नखाने खरवडला तर रवाळ निघतो, खाली गंजाचा तांबूस पदर. काही नळ्या पार बुजलेल्या असतात. अशा रेडिएटरमधून सपाट रस्त्याला पुरेल एवढं पाणी जातं, घाटाला पुरेल एवढं जात नाही. तुमच्याकडे हेच झालं असावं असा माझा कयास आहे.

खात्री घरीच करता येईल. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि पंख्याची वायर जोडणीतून सोडवा, नाहीतर हात आत असताना तो अचानक फिरेल. थोडं निवू द्या आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात हळूहळू फिरवा. पाणी येतं त्या बाजूकडून जातं त्या बाजूकडे ऊब कमी होत जाणं ठीक. मधेच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जाळीत बाहेरून कापसाचं बोंड, धूळ, किडे अडकलेले असतात तेही बघा. इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलक्या धारेने धुवा. जोराची धार मारली तर पापुद्रे वाकतात.

जाळी सगळीकडे सारखी उबदार लागली, तर वॉटर पंप आणि त्याचा पट्टा तपासा. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त दबायला नको. पंपाच्या खालच्या भोकाशी गंजाचा ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय. कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि खालचा होस पाइप बघा. तो आत ओढून चपटा होत असेल तर बदला.

आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधला पातळ थर. तो फुटला की सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो. बाकी खर्च करण्याआधी ही एक तपासणी मात्र नक्की करा, कारण ती फुकट आहे. सकाळी गार गाडीचं झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा. पण ॲक्सिलरेटर दिला की बुडबुड्यांची रांग लागते, थांबतच नाही, झाकण लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत होस पाइप दगडासारखे कडक होतात, ऑइल दुधाळ दिसतं, अशा खुणा असतील तर तिसरा फिटर बरोबर आहे. यातलं काहीच नसेल तर कोणालाही हेड उचलू देऊ नका.

रेडिएटर पितळी असेल तर चांगला कारागीर टाकी सोडवून नळ्या साफ करून देईल. ॲल्युमिनियमचा असेल तर ॲसिड घालू देऊ नका, धातूच खाल्ला जातो, नवा घ्या. नंतर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदूही वर नेतं. भरताना हीटरचा खटका गरमकडे ठेवा, म्हणजे हवा कोंडत नाही. गळतीवर हळद टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गळतीच्या भोकाबरोबर उरलेल्या नळ्याही बुजतात. आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, वासरं-कुत्री चाटतात आणि ते विषारी आहे.

प्रश्न: माझ्या जुन्या ओम्नीचा काटा परवा लाल पट्टीपर्यंत गेला आणि चालता चालता आपोआप एकदम खाली आला. मग मी तशीच घरी आणली. दोष आपोआप गेला असेल का?
— वाचक, जिंतूर

उत्तर: नाही, आणि ही गाडी तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. काट्याला माहिती देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी संपलं की तो कोरड्या पोकळीत राहतो आणि काटा पडतो. इंजिन मात्र तेव्हा सर्वांत जास्त तापलेलं असतं. वर गेलेला काटा झपकन पडला, तर तो चढत्या काट्यापेक्षा वाईट इशारा समजा. पाणी किती उरलंय, ऑइल दुधाळ झालंय का, हे आधी बघून घ्या. बुडबुड्यांची वरची तपासणी तुम्हालाही लागू आहे. हेड वाकलं असेल तर नुसतं गॅस्केट बदलून भागणार नाही, हेड सपाटी तपासायला द्यावं लागेल.

प्रश्न: लग्नाला जाताना उन्हात गाडीने वाफ सोडली. बरोबरच्यांनी झाकण उघडून थंड पाणी ओतायला सांगितलं. ते योग्य होतं का?
— वाचक, उदगीर

उत्तर: दोन्ही चूक. गरम झाकण सैल केलं की दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर, हातावर उडतं. भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी घातलं तर हेडला तडा जाऊ शकतो. काटा चढताना दिसला, की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा. उकडेल, पण इंजिनातली उष्णता तेवढी बाहेर निघते. तरी चढलाच तर सावली बघून थांबा, इंजिन बंद करा, वाफ थांबल्यावर बॉनेट उघडा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. वरचा होस पाइप हाताने आरामात धरता आला, की झाकणावर जाड ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुसफुस थांबली की मग काढा. पाणी थोडं थोडं घाला. त्या वेळी बाटलीतलं पिण्याचं पाणी असेल तेच वापरा, लग्नघरच्या टाकीतलं नको.