वाचकांचे प्रश्न : स्थानिक विकासाचे शिक्षण कुठे घ्यावे?

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून गेली चार वर्षे मुंबईतील एका बांधकाम कंपनीत प्रकल्पांचे वेळापत्रक आणि खर्च सांभाळते. आता गावपातळीवरच्या विकासकामांत यावे असे मनापासून वाटते. घरच्यांचे म्हणणे आहे की पदव्युत्तर शिक्षण युरोपात घ्यावे, कारण तिथल्या पदवीला मान आहे. मला वाटते, जिथे काम करायचे त्याच देशात शिकावे. शिवाय प्रकल्प व्यवस्थापन मला येतेच. मग नव्याने शिकण्यासारखे काय उरते?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. बांधकामावर जे व्यवस्थापन शिकले जाते त्यातले बरेचसे स्थानिक विकासात उपयोगी पडते. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका हे शब्द तुम्हाला कुणी समजावून सांगावे लागणार नाहीत, आणि हे फार मोठे भांडवल आहे. मात्र तुम्ही वापरता त्या क्रिटिकल पाथ आणि पर्ट या वेळापत्रक आखण्याच्या पद्धती १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, रसायन उद्योगासाठी आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी तयार झाल्या. तिथे निर्णय घेणारा ठरलेला होता आणि कामावरचा माणूस ठरल्या दिवशी हजर असे. आदिवासी पाड्यावरच्या पाणीयोजनेत यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

विकासक्षेत्रात लॉगफ्रेम नावाचा तक्ता वापरतात. तो १९६९ मध्ये अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झाला. त्याला चार रकाने असतात : काय साधायचे, ते साधल्याचे कशावरून ओळखायचे, त्याचा पुरावा कुठे मिळेल, आणि चौथा गृहीतकांचा. पहिले तीन रकाने बारकाईने भरलेले आणि चौथ्यात ‘ग्रामस्थांचे सहकार्य मिळेल’ एवढी एकच ओळ, असे प्रस्ताव माझ्या पाहण्यात अनेकदा आले आहेत. तुम्हाला नव्याने शिकायचा आहे तो हा चौथा रकाना.

एक उदाहरण देते. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागातील अनेक कुटुंबे भातकापणी उरकली की दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. मुंबईत बसून आराखडा आखणाऱ्याला जानेवारी ते मार्च हा काळ सोयीचा दिसतो : जमीन कोरडी, रस्ते चालू, आणि ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची टाकण्याची निकडही तेव्हाच. त्याच महिन्यांत पाणी समितीच्या बैठका लावल्या, तर पाड्यावर म्हातारी माणसे आणि बंद घरे भेटतात. टाकी उभी राहते, फोटो निघतो, निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जाते. आणि पंप नादुरुस्त झाल्यावर तो कुणी दुरुस्त करायचा हे मात्र कुणाशीच बोलून ठरलेले नसते. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचे दिवस बोलणी करण्याचे, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते पाड्यावर राहून कळते, आणि तिथली भाषा येत असेल तर लवकर कळते.

म्हणूनच जिथे काम करायचे तिथेच शिकावे हे तुमचे मत मला योग्य वाटते. तुमच्यासारख्या अभियंत्यासाठी पवईच्या आयआयटीतील ‘सितारा’ हे केंद्र पहिल्यांदा पाहण्यासारखे आहे. ते १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करते, आणि तिथल्या तंत्रज्ञान व विकास या विषयाच्या एम.टेक.मध्ये गावात राहून करायचे क्षेत्रकाम अभ्यासक्रमाचाच भाग आहे. समाजशास्त्रीय बाजू अधिक हवी असेल, तर १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिच्या देवनारच्या मुख्य संकुलाबरोबर तुळजापूर केंद्राचाही विचार करा, कारण मुंबईकराला मराठवाड्यातला दुष्काळी मुलूख पाहायलाच हवा. गुजरातमधील आणंदची ‘इर्मा’ ही १९७९ ची संस्था व्यवस्थापनाकडे अधिक झुकते. युरोपातील शिक्षण वाईट आहे असे मी म्हणणार नाही. इतर देशांचे अनुभव शेजारी ठेवून पाहण्याची सवय तिथे लागते. पण माझ्या मते आधी इथे काम करून मग जावे, म्हणजे तिथे आपल्याजवळ विचारण्यासारखे प्रश्न असतात.

प्रवेशापूर्वी दोन गोष्टी जरूर करा. एखाद्या ग्रामपंचायतीचा ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा मिळवून वाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात गावांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांचे काय ठरले आणि ते कोणत्या ग्रामसभेत ठरले, हे शोधा. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत झालेली मागणी आराखड्यात उतरली का, तेही पाहा.

प्रश्न : मी गोवंडीतील एका स्वयंसेवी संस्थेत काम करतो. नोकरी सोडणे शक्य नाही. आमच्या अहवालात किती प्रशिक्षणे झाली एवढेच असते. मी काय शिकू शकतो?
– एक वाचक, मानखुर्द

उत्तर : इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा ग्रामीण विकासातील एम.ए. नोकरी सांभाळून करता येतो. शहरी विषयासाठी मात्र आपला परिसर हेच उत्तम पुस्तक आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ मध्ये सुरू झालेल्या सांडपाणी प्रकल्पाचा भाग म्हणून मुंबईत वस्ती स्वच्छता कार्यक्रम राबवला गेला. त्यात रहिवाशांनी आधी मंडळ स्थापन करायचे, वर्गणी भरायची, आणि शौचालय बांधून झाल्यावर त्याची देखभाल स्वतः करायची, अशी रचना होती. आपल्या प्रभागात असे मंडळ असेल तर त्याच्या हिशेबाची वही पाहायला मागा. विजेचे बिल कोण भरते, टाकी शेवटची कधी उपसली, रात्री चावी कुणाकडे असते आणि तेव्हा मुलींनी कुठे जायचे, ही माहिती लिहून काढा. प्रशिक्षणांची संख्या तुमचे काम किती झाले हे दाखवते; ही वही वस्तीत काय बदलले ते दाखवते, आणि देणगीदाराला पाठवायच्या पुढच्या अहवालाचा पहिला परिच्छेद तुम्हाला तिच्यातूनच मिळेल.