शिट्टी तर वाजवली, आता कोचला काय सांगू?

प्रश्न : सर, मी विश्रामबागला राहते, वय २३. गेल्या वर्षीपासून सांगली-मिरजेच्या शालेय बास्केटबॉल मॅचेसना रेफरी म्हणून उभी राहते. मागच्या आठवड्यात मी चार्जिंग (बॉलवाल्यानं डिफेंडरला धडक दिल्याचा फाऊल) दिलं तर एक कोच पार लाईन ओलांडून आत आले, "मॅडम, आमच्या पोराचा कसला फाऊल, समोरचा हलत होता की!" मी म्हणाले, "माझा डिसिजन आहे," तर अजूनच भडकले. ब्लॉक (डिफेंडरनं वाट अडवल्याचा फाऊल) का चार्ज हे शेवटी आपल्या नजरेवर, मग समजावायचं कसं? का गप्पच बसावं?

उत्तर : अगं, "माझा डिसिजन आहे" हे मीपण सुरुवातीला लई वापरलंय आणि दरवेळी आगीत तेलच पडलंय, कारण त्यातनं कोचला एवढंच कळतं की ह्यांच्याकडं सांगायला काही नाही. आपल्याकडं कुस्तीचं बरंय, पाठीला माती लागली की अख्ख्या मैदानाला दिसते. बास्केटबॉलच्या धक्क्याला माती लागत नाही, म्हणून काय बघितलं ते आपणच सांगायचं, ते पण एका वाक्यात.

आता त्यांचं वाक्य धर, "हलत होता". अगं हलू दे की! डिफेंडरनं बॉलवाल्याकडं तोंड करून दोन्ही पाय टेकवून एकदा जागा धरली की नंतर तो मागं किंवा बाजूला सरकू शकतो, आणि धक्का छातीत बसला तर चार्जच. समोरचा हवेत उडाल्यावर हा वाटेत आला तर मात्र ब्लॉक. म्हणजे तू सांगायचं, "सर, तुमचा पोरगा उडायच्या आधी त्यानं जागा घेतली होती, धक्का छातीत बसला." संपलं. त्यांना पटायलाच पाहिजे असं नाही, तू नेमकं बघितलंस हे कळलं तरी निम्मा राग उतरतो. बास्केटखालचा १.२५ मीटर त्रिज्येचा नो-चार्ज अर्धगोल (त्याच्या आत चार्ज देत नाहीत) शाळेच्या सिमेंट कोर्टावर कित्येकदा आखलेलाच नसतो, ते मॅचआधीच दोन्ही कोचना बोलावून सांगून टाक, नाहीतर तिथंच पेटतं.

आणि खेळ चालू असताना उत्तर द्यायचंच नाही. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात हेड कोचला रेफरीशी बोलता येतं, पण बॉल डेड आणि घड्याळ बंद असताना, आणि शांतपणे. "सर, थांबल्यावर येते" म्हण आणि खरंच जा, बरेच रेफरी म्हणतात आणि जात नाहीत.

माझी एक चूक सांगतो. मिरजेत एका मॅचला मी ट्रेलला (खेळाच्या मागनं येणारा रेफरी) होतो, मधे तीन पोरं, धक्का दिसलाच नव्हता, नुसता आवाज ऐकून शिट्टी मारली. हाफटाईमला कोच आले, आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही कुठं होता?" मी ठोकून दिलं, समोरच होतो. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मी खरं उभा होतो त्या जागेवर टाकला न् म्हणाले, "इथं उभं राहून बघा बरं." काय दिसणार तिथनं, कप्पाळ! नंतर कित्येक वर्षं माझी बरोबर शिट्टीसुद्धा त्यांना खोटीच वाटायची. त्यापेक्षा "माझा अँगल अडला होता सर" म्हणालो असतो तर दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. पण म्हणून "पुढचा तुम्हाला देतो" असं चुकूनही म्हणू नकोस.

प्रश्न विचारला म्हणून टेक्निकल (गैरवागणुकीचा फाऊल) द्यायचा नाही. हातवारे करून पब्लिकला भडकवतायत, आत घुसतायत, तर एकदा सांग आणि मग दे. समोरच्या टीमला १ फ्री थ्रो मिळतो, आणि कोचच्या स्वतःच्या वागण्याचे असे २ झाले की त्यांना कोर्ट सोडावं लागतं.

प्रश्न : कुपवाडहून एक कोच विचारतात, चुकीच्या फाऊलवर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) करता येतो का?

उत्तर : नाही. गुण लिहिण्यात किंवा घड्याळात चूक झाली आणि ती दुरुस्त केली नाही, तर कॅप्टननं स्कोअरशीटवर सही करून प्रोटेस्ट होतो. ब्लॉक का चार्ज ह्यावर होत नाही, तिथं रेफरीनं जे बघितलं तेच धरतात.