उतार एकास बारा

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्रशिक्षणाचा भाग म्हणून तुम्हा सर्वांना एक दिवस व्हीलचेअरवर बसवले, संध्याकाळपर्यंत तळहातांना फोड आले आणि ‘या लोकांचे आयुष्य किती कठीण’ या विचाराने रात्री झोप लागली नाही, असे तू लिहिले आहेस. तुझ्या भावनेविषयी मला शंका नाही, त्या प्रयोगाविषयी मात्र आहे. एका दिवसात तुला कळले ते नवशिक्याचे अवघडलेपण. वर्षानुवर्षे चाके फिरवणाऱ्या माणसाचे हात सराईत झालेले असतात, खुर्ची त्याच्या मापाची असते आणि उंबरठा आला की पुढची लहान चाके कशी उचलायची, याचा त्याला विचारही करावा लागत नाही. त्याला जे अडवते ते तुला त्या दिवशी भेटलेच नाही, कारण तुमचा मार्ग आयोजकांनी आधी पाहून ठेवला होता.

धडधाकट माणसांच्या ‘विशेषाधिकारा’विषयी तू विचारले आहेस. शब्द भारदस्त आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे. काही प्रश्न कधीच न विचारता जगता येणे, हा तो अधिकार. कार्यक्रमाचे आमंत्रण आले की तू वेळ आणि पत्ता विचारतेस. व्हीलचेअर वापरणाऱ्याला विचारावे लागते, की दाराशी पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, असल्यास आज चालू आहे का, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे आणि ते आत उघडते की बाहेर. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘दोनच पायऱ्या आहेत, आम्ही उचलून घेऊ.’ बोलणाऱ्याच्या मनात चांगुलपणाच असतो. पण प्रौढ माणसाला अनोळखी हातांनी सामानासारखे वर घ्यायचे, यात त्याची संमती कोणी विचारलेली नसते, आणि बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसाशिवायच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, हेही त्या ‘आम्ही’ला ठाऊक नसते.

पायरीला मात्र आपण कधी ‘सोय’ म्हणत नाही. वास्तविक वरच्या मजल्यावर उडी मारून कोणालाच जाता येत नाही, म्हणून पायांना दिलेली ती मदतच आहे. पायांना दिलेली मदत म्हणजे वास्तुरचना आणि चाकांना दिलेली मदत म्हणजे विशेष सुविधा, हा भेद आपण केला, आणि तो इतका अंगवळणी पडला की आता दिसतही नाही. ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने 1976 मध्येच स्पष्ट मांडले होते, की शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि समाजाने त्या शरीरावर लादलेले अपंगत्व ही दुसरी.

हे सारे मला वाचून कळले असे समजू नकोस. उमेदीच्या काळात मी एका इमारतीच्या दर्शनी भागाचे काम केले होते. तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी पंधरा सेंटीमीटर, म्हणजे एकूण उंची पंचेचाळीस. एकास बारा, म्हणजे एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी, हे अनेक ठिकाणी रूढ असलेले प्रमाण धरले तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवण्याइतकी, सुमारे दीड मीटरची, सपाट जागा. मी तो दोन मीटरांत बसवला. जागा नव्हती असे मी सांगत असे. खरे तर जागा फुलझाडांच्या वाफ्याला दिली होती. पहिल्याच आठवड्यात व्हीलचेअरवरून एक बाई आल्या. रॅम्पच्या पायथ्याशी थांबून त्यांनी वरपर्यंत नजर फिरवली आणि शांतपणे विचारले, ‘हा माल चढवायला केला आहे का?’ मी मदतीला धावलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. त्या चढल्या असत्या तर खुर्ची मागे उलटण्याची भीती होती, आणि हे त्यांना पायथ्यावरूनच दिसले होते. मला नकाशा काढताना दिसले नव्हते.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. आपोआप बंद होणारे जड दार कुबड्या घेतलेला माणूस कसा उघडतो? दोन्ही हात कुबड्यांवर असतात. तो एक कुबडी काखेत दाबतो, दार ओढतो, खांद्याने अडवून धरतो आणि तेवढ्यात स्वतःला आत घेतो. मग पाण्याचा भरलेला पेला टेबलापर्यंत नेणे आलेच. मागे उभा असलेला माणूस तोवर घड्याळ पाहत असतो.

वागण्याविषयी थोडेच लिहितो. विचारल्याशिवाय कोणाच्या खुर्चीला हात लावू नकोस, आणि ‘नको’ म्हटले तर ते नकोच समज. सोबत्याशी न बोलता त्या व्यक्तीशी बोल. खुर्चीवरून उठून कोणी चार पावले चालले, तर त्याच्याकडे संशयाने पाहू नकोस. थोडे चालता येणारे आणि तरीही खुर्ची लागणारे पुष्कळ असतात. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ असे तर लिहूच नकोस, कारण खुर्चीमुळेच तो घराबाहेर पडू शकतो.

तू दयेविषयी बरेच लिहिलेस, म्हणून एक आठवण करून देतो. 12 मार्च 1990 रोजी वॉशिंग्टनमध्ये अनेक आंदोलक कुबड्या आणि खुर्च्या खाली ठेवून संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. ते अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा मागत होते आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो झाला. संयुक्त राष्ट्रांनीही 13 डिसेंबर 2006 रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि इमारती, रस्ते, वाहतूक सर्वांना वापरता येणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. दया हा शब्द यात कुठेच लागला नाही.

तेव्हा आता व्हीलचेअर परत करून मोजपट्टी घे. रोज जिथे जातेस त्या इमारतीत, शक्य तर व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या जाणकारासोबत आणि त्याच्या वेळेचे मानधन देऊन, दारापासून स्वच्छतागृहापर्यंत जा. ते कुलूपबंद असेल किंवा आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतील, तर तीही नोंद कर. पुढच्या पत्रात मला त्या दाराची रुंदी कळव. सेंटीमीटरमध्ये, अंदाजे नको.

तुझा,
एक जुना शिक्षक