अव्यवस्थित प्रकाशजाळीतील अतिशीत अणू: सुरुवात कोठून करावी

प्रकाशजाळीतील, म्हणजे लेसर किरणांनी अणूंसाठी तयार केलेल्या घरांच्या रांगेतील, अतिशीत अणूंचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे तुम्ही विचारले आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये तुम्ही जे शोधनिबंध वाचता, ते तूर्त बाजूला ठेवून आधी २०० घरांची एकमितीय जाळी स्वतः संगणकावर मांडावी, असे मी सुचवेन. शेजारच्या घरात जाण्याची ऊर्जा 'जे' आणि प्रत्येक घराची यादृच्छिक ऊर्जा, एवढेच मॅट्रिक्समध्ये भरायचे असते. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये मांडलेली स्थानबद्धता, म्हणजे अव्यवस्थेमुळे कण न पसरता एका भागात अडकून राहणे, त्यातूनच दिसू लागते. मी सुरुवातीला यादृच्छिक ऊर्जांच्या एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढून फसलो होतो. शेकडो नमुने घ्यावेत आणि सरासरी घनतेच्या (घरात कण सापडण्याच्या संभाव्यतेच्या) लॉगरिदमची काढावी, कारण एखादा विचित्र नमुना साध्या सरासरीला ओढून नेतो.

मग २००८ चे दोन प्रयोग पाहावेत. पॅरिसजवळच्या प्रयोगात रुबिडियमचे अणू लेसरच्या ठिपकेदार प्रकाशात सोडले होते. तेथे जाळी नव्हतीच, हे नवखे हमखास विसरतात. फ्लोरेन्समध्ये पोटॅशियम-३९ साठी १०३२ नॅनोमीटरच्या जाळीवर ८६२ नॅनोमीटरची दुबळी जाळी चढवली होती. ही रचना यादृच्छिक नसून अर्धआवर्ती आहे (दोन्ही जाळ्या नियमित, पण त्यांची एकत्र आकृती तंतोतंत पुन्हा येत नाही), म्हणून आदर्श प्रतिमानात दुसऱ्या जाळीची तीव्रता '२ जे' ओलांडेपर्यंत अणू पसरतच राहतात. अणूंमधली परस्परक्रिया मात्र एवढ्यात गणितात आणू नये; २०० घरांत दोनच बोसॉन (एकाच घरात कितीही राहू शकणारे कण) ठेवले तरी अवस्था २०,१०० होतात.